काट्याचा नायटा

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मी शेंगदाण्याची चटणी कुटत बसले होते, बोटं तिखटानं माखलेली, आणि फोन थरथरला. भाचीचा फोटो होता. ती सांगोल्याकडच्या एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मी छत्तीस वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा हे पद नव्हतं. तेव्हा फक्त आम्ही होतो, म्हणजे नर्सबाई. फोटोखाली तिनं लिहिलं होतं, ‘आत्या, हा हत्तीपाय का?’ मी पदराला बोटं पुसली, चष्मा लावला आणि फोटो मोठा करून पाहिला. सोलापुरी चादरीच्या घडीवर ठेवलेला एक उजवा पाय. पोटरी बारीक, शेतकऱ्याची असते तशी वाळलेली. घोटाही ठीक. पण घोट्याच्या खाली पावलाचा मधला भाग असा फुगलेला, की बोटं वर उचलली गेली होती, जमिनीला टेकायला नको म्हटल्यासारखी. कातडीवर बारीक बारीक गाठी आणि प्रत्येक गाठीच्या टोकाला तोंड. मी ‘नाही’ एवढंच टाइप केलं आणि पुढं काही सुचेना. मग लिहिलं, ‘पट्टी सोडली असशील ना? त्या पट्टीचा फोटो पाठव.’ तिचं उत्तर लगेच आलं. ‘ती टाकून दिली आत्या. घाण झालेली.’

टाकून दिली.

त्या रात्री चटणी तशीच खलबत्त्यात राहिली. भाचीवर रागवायचं काही कारणच नव्हतं. घाण झालेली पट्टी टाकायची, जखम धुवायची, स्वच्छ पट्टी बांधायची, हेच तिला शिकवलं, आणि त्यातलं निम्मं मीच शिकवलं. मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणानं. तीस वर्षांपूर्वी मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका वाडीत मी हेच करत होते. दर आठवड्याला, अगदी मन लावून, जवळजवळ पावणेदोन वर्षं.

आबा म्हणायची त्यांना सगळी वाडी. चार एकर कोरडवाहू जमीन, रब्बीची ज्वारी, बांधाला वेडी बाभूळ. आमच्या भागाला पाऊस ठाऊक नसला तरी काटा पक्का ठाऊक आहे. साधी बाभूळ, हिवर, बोर, आणि वेडी बाभूळ तर अशी की तिचा काटा टायरच्या चपलेतूनही वर येतो. काटा मोडला तर कुणी दवाखान्यात येत नाही, यायचं कारणही नाही. सुईनं उकरायचा, नाही निघाला तर रुईचा चीक लावायचा म्हणजे तो आपोआप वर येतो. तरीही ठसठसलं तर तापवलेल्या गुळाचा चटका नाहीतर बिब्बा. आबांनी हे सगळं केलं होतं. काटा निघाला की आतच राहिला हे त्यांना आठवत नव्हतं, आठवावं असं ते काही नव्हतंच. दोन-तीन वर्षांनी तळव्याच्या वर एक गाठ आली. त्यांनी कुरूप समजून ती न्हाव्याकडून पात्यानं कापून घेतली. ती पुन्हा आली, शेजारी आणखी एक घेऊन आली.

माझ्याकडे ते आले ते गाठींना तोंडं फुटल्यावर. आले म्हणजे काय, मी लसीकरणाला वाडीत गेले होते, पारावर बसले होते, आणि सुनेनं त्यांना ढकलून पुढं केलं. मी विचारलं, दुखतं का? ‘न्हाई बाई. ठणकत न्हाई, खाजत न्हाई. नुसता जड लागतुय, वल्ल्या मातीत रुतल्यागत.’ दुखत नाही म्हटल्यावर मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. दवाखान्यात दुखण्याला किंमत असते. जो कण्हतो तो पुढं बसतो. ज्याचं दुखत नाही तो पायाखाली चादर घेऊन आपला पाळीची वाट बघत राहतो. त्या आजाराचा मोठा डाव हाच होता की तो दुखत नव्हता. हे मला खूप उशिरा कळलं.

मी ड्रेसिंग सुरू केलं. कोमट पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, मग आयोडीन. फेस वर यायचा आणि त्याबरोबर काळे बारीक दाणे यायचे. खसखशीएवढे, काही जरा मोठे, टोकदार, बोटात धरले तर टणक लागायचे. मला वाटायचं माती आहे. काळ्या रानातला माणूस, अनवाणी चालणारा, मातीच असणार! मी अजून जोरात धुवायची. आबा वाकून बादलीत बघायचे. एकदा हसत म्हणाले, ‘बाई, पायाला बी धरलंय बगा. ह्यावर्षी रानात न्हाई धरलं, हितं धरलं.’ मीही हसले. दुष्काळाचं वर्ष होतं, हसायला दुसरं काही नव्हतं. शेतकऱ्यानं एका वाक्यात जे ओळखलं होतं ते मला प्रशिक्षणानं दिलं नव्हतं, आणि दिलेल्या प्रशिक्षणामुळे ते ऐकूही आलं नाही. निदान दर आठवड्याला माझ्यासमोर बाहेर पडत होतं आणि मी ते बादलीत ओतून गटारात टाकत होते.

आम्ही काहीच केलं नाही असंही नाही. माझ्या पद्धतीनं मी पुष्कळ केलं. आधी कुष्ठ वाटलं, कारण बधिर पाय म्हटलं की आम्हाला तेच शिकवलेलं. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं पावलाला स्पर्श केला, कुठं लागलं ते बोटानं दाखवा म्हटलं. आबांनी प्रत्येक वेळी अचूक दाखवलं. चट्टा नाही, नस जाड नाही. म्हणजे कुष्ठ नाही. मग हत्तीरोग. सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला, त्यामुळं सुजलेला पाय दिसला की आमच्या डोक्यात दुसरं येतच नसे. त्याचे जंतू रक्तात उतरतात ते रात्री, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घ्यायचा. आमचे आरोग्यसेवक भाऊ सायकलवरून रात्री दहाला वाडीत गेले, कंदिलाच्या उजेडात आबांचं बोट टोचलं. काचपट्टीत काही निघालं नाही. म्हणजे हत्तीरोग नाही. मग प्रतिजैविकांच्या गोळ्यांचा कोर्स दिला, पाच दिवसांचा. पाणी कमी झालं, आम्ही खूश. पंधरा दिवसांत पुन्हा वाहायला लागलं. महिन्याच्या अहवालात कुष्ठाचा रकाना होता, हिवतापाचा होता, क्षयाचा होता, हत्तीरोगाचा होता, अतिसाराचा होता. आबांना मी शेवटच्या रकान्यात टाकलं. ‘इतर’. त्या महिन्यात ‘इतर’मध्ये नऊ होते. त्यात विंचू चावलेला एक पोरगा होता आणि गव्हाच्या पोत्याखाली बोट सापडलेली एक बाई. बेरीज बरोबर आली.

पुढं पाय चपलेत जाईना, तेव्हा आबा मुलाबरोबर जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात गेले. मीही गेले होते, माझी त्या दिवशी मीटिंग होती. तिथं एक तरुण डॉक्टर, मिसरूडही नीट न फुटलेला, पायाकडे बघून एकच प्रश्न विचारता झाला. ‘सिस्टर, दाणे पडतात का? कुठल्या रंगाचे?’ मी म्हटलं, काळे. ‘आणलेत?’

काय उत्तर देणार होते मी?

त्यानं स्वतःच एका तोंडाशी चिमटा धरून दोन दाणे काढले, काचपट्टीवर पोटॅशच्या थेंबात चिरडले आणि सूक्ष्मदर्शकात मला बघायला लावलं. तपकिरी चिकट काहीतरी आणि त्यात गुंतलेले धागे. बुरशी होती ती. मातीत राहणारी, काट्याच्या टोकावर बसून कातडीच्या आत गेलेली आणि तिथं वर्षानुवर्षं गावं वसवलेली. एक्स-रेत पायाची हाडं कसर लागलेल्या लाकडासारखी दिसत होती. आबांचा पाय गुडघ्याखाली गेला. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘पायाचं काय केलं बाई त्यांनी?’ मला माहीत नव्हतं. ‘पुरायला पायजे हुता,’ ते म्हणाले, ‘नायतर अजून उगवंल कुठंतरी.’

लहानपणापासून आपण म्हणतो ना, काट्याचा नायटा झाला. छोट्या गोष्टीचं मोठं खटलं झालं की आई म्हणायची, सासू म्हणायची, मीही म्हणत आले. नायटा म्हणजे बुरशीच. काटा आणि बुरशी एकाच वाक्प्रचारात शेजारी शेजारी बसलेली, आणि मी ती कधी एकत्र वाचली नाहीत. तो ज्यानं पहिल्यांदा उच्चारला त्याच्या मनात हाच आजार होता असा माझा दावा नाही. पण अनवाणी फिरणाऱ्या लोकांच्या भाषेतच असा वाक्प्रचार होऊ शकतो एवढं खरं.

निवृत्तीनंतर मी या आजाराच्या मागे लागले. आधी अपराधीपणानं, मग सवयीनं. मायसेटोमा म्हणतात त्याला. जुनं नाव मदुरा फूट, कारण १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरनं त्याची नोंद केली. मला अडकवलं ते पुढच्या माणसानं. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. डॉक्टर होणारी मुलं शरीररचनेच्या ज्या इंग्रजी ग्रंथाचं नाव पहिल्या दिवशी ऐकतात, त्यातली मूळ चित्रं यानं काढलेली. ग्रंथ छापून आला १८५८ मध्ये, आणि त्याच वर्षी हा मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, काही वर्षं आपल्या साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. हा आजार बुरशीचा आहे असं त्यानं मांडलं, मायसेटोमा हे नावही त्याचंच, आणि १८७४ साली त्यानं यावर आख्खं पुस्तक काढलं. म्हणजे या दुखण्याची जगाला झालेली ओळख बरीचशी आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांच्या पायांवरून झाली. आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, त्याच मुलखात, मी ते दाणे धुऊन टाकत होते. एका वैद्यांनी मला सुश्रुतातला ‘वल्मीक’ दाखवला. तळहात, तळपाय, मान अशा ठिकाणी वारुळासारखी हळूहळू वाढणारी, अनेक तोंडांनी स्रवणारी गाठ. वारूळ! फोटोतला तो पाय मी इतका वेळ कशासारखा आहे म्हणून आठवत होते, तो शब्द दीड-दोन हजार वर्षं तयार होता.

दाण्याचा रंग विचारण्यात त्या डॉक्टरचं शहाणपण होतं हेही नंतर कळलं. काळा दाणा म्हणजे बुरशी. गोळ्या वर्ष-वर्ष घ्याव्या लागतात, शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तरीही पुन्हा उगवते. लाल असेल तर बुरशी नव्हे, जिवाणू. पिवळा-पांढराही बहुतेक वेळा जिवाणूच, फक्त खात्री सूक्ष्मदर्शकाखाली करायची. जिवाणू असला तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी, काही महिने नेटानं दिली तर, पाय वाचतो. वरून दोन्ही पाय सारखेच दिसतात. सूज, तोंडं, दाणे. एकाला द्यायचं औषध दुसऱ्याला दिलं तर महिने फुकट जातात, आणि पाच दिवसांचा कोर्स तर दोघांनाही पुरत नाही. मी आबांना तोच देत होते, पुन्हा पुन्हा.

मोहिमांवर मला टीका करायची नाही. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला मी दारोदार हिंडले आहे, उपाशीपोटी घेऊ नका, समोरच गिळा, असं ओरडून घसा बसवून घेतला आहे. ‘आम्हाला काय झालंय म्हणून गोळी’ म्हणून अंगावर आलेली माणसं पाहिली आहेत. आज आशाताई हत्तीपायाच्या रुग्णाला टब, मग आणि साबण देऊन पाय कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या हे शिकवतात, ते बघून मला बरं वाटतं. पण मोहीम डोळे देते तशी झापडंही देते. घोड्याला लावतात तशी, सरळ चालावा म्हणून. आशाला अमुक आजार शोधायला सांगितला की ती तो पाताळातून शोधून आणते. जो सांगितलाच नाही तो अंगणात चादर अंथरून बसला तरी दिसत नाही. यात तिचा दोष किती? गावातली सगळी कागदं तिच्या पिशवीत, सगळ्यांची बोलणी तिला, आणि मानधनासाठी मोर्चाही तिलाच काढावा लागतो.

आमच्याइथलंच हे नाही. इथिओपियाच्या डोंगराळ भागात लाल ज्वालामुखी मातीत अनवाणी राबणाऱ्यांचे पाय सुजतात. डास नाही, जंत नाही, नुसत्या मातीच्या बारीक कणांनी. पोडोकोनियोसिस. बूट घातले आणि पाय रोज धुतले तर होतच नाही. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्येही तो एकापासून दुसऱ्याला लागतो असा समज सापडला. रुग्णाला शिवायला कचरणारे कर्मचारी! हे वाचताना मला त्यांचा राग येण्याऐवजी ओळखीचंच वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मायसेटोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. दुर्लक्षितांच्या यादीतही जागा मिळायला एवढा उशीर. त्याचं जगातलं मोठं केंद्र सुदानमध्ये, खार्टूमला होतं, १९९१ पासूनचं. २०२३ च्या एप्रिलात तिथं युद्ध पेटलं आणि ते केंद्रही उद्ध्वस्त झालं. बातमी वाचली तेव्हा मी कधी न पाहिलेल्या त्या इमारतीसाठी अर्धा दिवस गप्प होते. यजमानांनी विचारलं, कोण गेलं?

आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर आमच्या मंडळाची पाय चेपायची सेवा असते. तेल, गरम पाणी, फोडांना पट्ट्या. हजारो पाय बघून झालेत माझे. कुणाच्या टाचा भेगाळून नांगरटीसारख्या झालेल्या, कुणी नवस म्हणून अनवाणी आळंदीपासून आलेला. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मागे चालणारेही अनवाणीच. त्यांना ‘चपला घाला’ म्हणायची माझी जीभ अजून रेटत नाही. माझीच आई सोळा सोमवार अनवाणी सिद्धेश्वराला जायची. मी फक्त आता पाय हातात आला की तो उलटा करून बघते, गाठ दिसते का, तोंड दिसतं का. लोकांना वाटतं ही बाई फार भक्तिभावानं सेवा करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला फोन लावला. म्हटलं, त्या माणसाला पुन्हा बोलाव. ती म्हणाली, ‘दुखत नाही तर येऊ कशाला म्हणतोय. डाळिंबाची छाटणी चालू आहे, रोज बुडतो.’ मग तूच जा त्याच्या घरी, मी म्हटलं, आणि हे बघ, धुवू नकोस. अजिबात धुवू नकोस. निर्जंतुक गॉज सलाइनमध्ये भिजव, तोंडांवर ठेव, वरून पट्टी बांध, रात्रभर राहू दे. सकाळी उघडशील तेव्हा दाणे गॉजला चिकटलेले असतील. ते बाटलीत घाल, झाकण घट्ट लाव, आणि माणूस आणि बाटली दोन्ही एकदमच पाठव. बाटली मागे राहिली तर माणूस नुसता हेलपाटा घालून येतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आत्या, तुम्ही हे कधी शिकलात?’ मी म्हटलं, उशिरा.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. पांढऱ्या गॉजवर पिवळसर ठिपके, रव्याच्या कणांसारखे. काळा एकही नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले, चष्मा पुसून बघितले, खिडकीशी नेऊन बघितले. गॉज पांढरा, दाणे पिवळे, फोनच्या काचेवर काय सांगणार? पण काळे नव्हते, आणि तो डाळिंबवाला दुपारच्या एसटीनं बाटली खिशात घालून निघाला होता. जाताना त्यानं तिला विचारलं म्हणे, ‘ह्या बाटलीचं तिकीट काढावं लागंल का?’

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन. आवाजात मोठा प्रश्न असल्यासारखी सुरुवात केली, मी घाबरले.

‘आत्या, रजिस्टरला ह्याला कुठल्या रकान्यात टाकू?’

‘रकाना राहू दे,’ मी म्हटलं. ‘समास केवढा सुटलाय पानाला?’